गट्टी बघून घ्या

मी एक रबराची लादी आहे. काळी, चौकोनी, हातभर लांब, हातभर रुंद, आणि अंगावर गोवर उठावा तसे निळे ठिपके. वयाने मी फार जुनी नाही, पण माझं रबर जुनं आहे, आणि मित्रांनो, माझा राग त्याहून जुना वाटावा इतका मुरलेला आहे. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची असल्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. माझी कहाणी ऐकून तुमचे डोळे भरले नाहीत तरी चालेल. ते उघडे राहिले म्हणजे झालं.

माझा जन्म बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याचा. तिथे कारखान्यांच्या रांगेत पत्र्याच्या छपराची एक शेड आहे. त्या शेडमध्ये जुने टायर येतात. बसचे, लॉरीचे, रस्त्याने झिजवलेले, पोटात खिळे घेऊन आलेले. त्यांच्यातली तार उपटून काढतात, रबराचा चुरा करतात, चुऱ्यात चिकट रस कालवतात, आणि तो साच्यात भरून वरून तापलेला दाब देतात. माझ्यात निदान चार-पाच गाड्यांचे टायर आहेत. एका कोपऱ्याला घाटातली वळणं आठवतात. दुसऱ्याला शहरातला तासन्‌तास तुंबणारा सिल्क बोर्डाचा सिग्नल आठवतो, आणि तो कोपरा माझा सगळ्यात सोशीक कोपरा आहे.

साच्यातून निघाल्यावर आम्ही चंपाअक्काच्या हाती जायचो. लाद्या तपासणं हे तिचं काम. तिच्याजवळ एक लोखंडी वजन होतं. लादी दगडी फरशीवर ठेवायची, वजन कमरेएवढं उचलायचं आणि सोडून द्यायचं. मग खाली बसून लादीवरून तळहात फिरवायचा, लादी उलटून खालचा दगड बघायचा. दगडाला काही झालं नसेल तर ती अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी ओरडायची, "गट्टी!"

कानडीत गट्टी म्हणजे टणक, भक्कम, दबत नाही असं. मी जगात आल्यावर ऐकलेला हा पहिला शब्द. मला वाटलं, हेच माझं नाव. चंपाअक्काने कधी अंगठ्याने दाबून लादी पारखली नाही. एवढं लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

तिथून टेम्पोत बसून मी बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमला विठोजीच्या दुकानात आले. पायपुसणी, गालिचे, प्लॅस्टिकचं गवत, फोमचे तुकडे, रबराच्या लाद्या असं सगळं त्या दुकानात मिळतं. माझ्या बरोबरीच्या बहिणी विकल्या गेल्या. मला विठोजीने नमुना म्हणून काउंटरवर ठेवून घेतलं. ते दिवस मानाचे होते. शाळेचे लोक यायचे, व्यायामशाळेचे मालक यायचे. विठोजी माझ्यावर दाणकन वजन टाकून दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, काय हुतंय का?" मला काही व्हायचं नाही. गिऱ्हाईक मान डोलवायचं. मी मनातल्या मनात छाती फुगवायचे.

विठोजीचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं. घरात मराठी, गल्लीत कानडी. इतक्या वर्षांत दोन्ही भाषा एकमेकींत अशा मिसळल्या आहेत की शिवण कुठे आहे ते खुद्द विठोजीलाही सापडत नाही. तो 'बरं बरं'ला 'सरी सरी' म्हणतो, 'जरा थांबा'ला 'स्वल्प थांबा' म्हणतो, आणि आपण अस्सल मराठी बोलतोय असं त्याला मनापासून वाटतं.

एके दिवशी सकाळी दुकानात मैत्रेयी आली. पुण्याची मुलगी, लग्न करून बेंगळुरूला आलेली, राहायला व्हाइटफील्डला. दोन मेट्रो बदलून ती मल्लेश्वरमला आली होती. बरोबर नवरा राजस आणि तीन वर्षांची गौरी. मैत्रेयीचा एक हात सतत गौरीच्या डोक्याजवळ तरंगत असायचा, जणू पोर आत्ता कशावर तरी आपटणारच आहे. दारातून आत येता येता ती राजसला म्हणत होती, "बास झालं ते हिंदी-इंग्लिश. मागच्या वेळी मी सांगितलं एक आणि घरी आलं भलतंच. म्हणून तर इतक्या लांब आले. इथे निदान आपली भाषा आहे. चूक व्हायला जागाच नाही."

मित्रांनो, हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"या की अक्का, बसा," विठोजी म्हणाला. "पुण्याचं काय तुमी? आमी बी मराठेच. तीनशे वर्सं झाली इकडं येऊन."

"मग परत नाही गेलात ते ट्रॅफिकमुळे का?" राजसने विचारलं.

विठोजी पोट धरून हसला. मैत्रेयीही हसली. कितीतरी दिवसांत दुकानदाराशी एवढं मोकळं बोलायला मिळालं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने भराभरा सगळं सांगितलं. "काका, याला घरातच जिम करायचीय. डंबेल्स आणलेत, बेंच आणलाय, वजनं ठेवायचा स्टँड आणलाय. आता खाली काय घालू, फोम की रबर? सगळे वेगवेगळं सांगतात. मला फक्त एकच कळतं, घरात ही आहे. हिला काही लागता कामा नये."

विठोजीच्या हातात मोजपट्टी होती. दुसरं गिऱ्हाईक गवतासाठी खोळंबलं होतं. तो जाता जाता म्हणाला, "घरात लेकरू हाय न्हवं? मग एकच सांगतो, अक्का. गट्टी बघून घ्या. तुमची आवडनिवड ऱ्हाऊ द्या बाजूला. गट्टी असंल तेच घ्यायचं. स्वल्प थांबा, आलोच." आणि तो आतल्या खोलीत गेला.

मला वाटलं, झालं काम. आता ही बाई माझ्यावर वजन टाकून बघेल.

मैत्रेयी गौरीसमोर गुडघ्यांवर बसली. "गौरी, इकडे बघ. या दोघांपैकी तुझी कोणाशी गट्टी होते सांग बरं?"

"वा!" राजस म्हणाला. "फरशीचं स्वयंवर!"

मला ओरडता आलं असतं तर मल्लेश्वरमच्या सगळ्या गल्ल्या गोळा झाल्या असत्या. अगं बाई, ती गट्टी नव्हे! पोरांची गट्टी वेगळी, चंपाअक्काची गट्टी वेगळी! पण लादीला तोंड नसतं. लादीला फक्त वरची बाजू असते आणि खालची बाजू असते.

गौरी आधी माझ्याजवळ आली. वाकून वास घेतला. "शी! टायर!"

यात तिची काही चूक नाही. मी टायरच आहे, आणि ते ओळखणारी ती दुकानातली एकमेव गिऱ्हाईक होती. मग तिची नजर फोमवर गेली. पिवळे-हिरवे तुकडे, एकमेकांत अडकणारे, प्रत्येकावर एक प्राणी. हत्तीचा कान तर ओढला की वेगळा निघायचा. तिने हत्तीवर गाल टेकला आणि तिथेच आडवी झाली. मला करंगळी दाखवून म्हणाली, "गट्टी फू!"

मैत्रेयीने तरीही एक खात्री करून घेतली. ती काळजी करणारी आई होती, डोळे मिटून काही घेणारी नव्हती. तिने अंगठ्याने फोम दाबला. अंगठा छान आत गेला. मग मला दाबलं. अंगठा जिथल्या तिथे राहिला. "ही फारच कडक आहे," ती राजसला म्हणाली. "पडली यावर तर टेंगूळ येईल."

अंगठा! बारा-बारा किलोची वजनं ठेवायची, आणि परीक्षा अंगठ्याने!

विठोजी बाहेर आला. "ठरलं, अक्का?"

"हो काका. तुम्ही म्हणालात तशी गट्टी बघितली. हा फोम द्या."

विठोजी थबकला. "फोम? वजनाखाली?"

"हो. गट्टी यातच आहे."

"नक्की बघितलं न्हवं?"

"अगदी नक्की."

विठोजीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याने तेव्हा आणखी एक प्रश्न विचारला असता तर मी आज शांत, समाधानी लादी असते. पण तो "सरी, सरी" म्हणाला आणि फोम बांधायला लागला. त्याच्या मनाला काहीतरी टोचलं असावं, कारण शेवटी त्याने मला उचलून त्यांच्या पिशवीत घातलं. "हा नमुना असू दे जवळ. लागला तर लागला."

अशी मी न मागता व्हाइटफील्डला गेले.

राजसने दहा मिनिटांत फोम अंथरला. बाल्कनीला लागून असलेली छोटी खोली त्याने जिमसाठी धरली होती. सिंह, जिराफ, हत्ती, मोर, सगळे एकमेकांत अडकून बसले. कोपऱ्यात वजनांचा स्टँड उभा राहिला आणि त्याचा पुढचा पाय नेमका हत्तीवर आला. मला कुठे ठेवावं ते कुणालाच कळेना. शेवटी वाऱ्याने बाल्कनीचं दार आपटतं म्हणून मला दाराखाली अडसर म्हणून अडकवलं. एवढं लोखंड झेलून दाखवलेली मी, आणि आता वारा झेलत होते. अंगावर वॉशिंग मशीनचं पाणी उडायचं. कबुतरं बसायची. ती काय करायची ते सांगत नाही.

आत मात्र फोमचं कौतुक चाललं होतं. शेजारची गौरीपेक्षा मोठी मुलंही बघायला आली. "किती क्यूट जिम!" असं कुणीतरी म्हणालं. मित्रांनो, जिमचं कौतुक करताना कुणी 'क्यूट' म्हणालं की तिथे काहीतरी चुकलंय असं खुशाल समजा. कारण त्या प्राण्यांमुळे गौरीला ती खोली आपलीच वाटू लागली होती. वजनांच्या खोलीत पोराने पाऊल टाकू नये, तर तिथे जमिनीवरच तिचे मित्र पसरून ठेवलेले. दार लावलं की ती बाहेरून रडायची, "माझा हत्ती आत आहे!"

मला फोमचा फार राग यायचा. आज सांगते, तो राग चुकीचा होता. फोम वाईट नव्हता. मैत्रेयी त्यावर सकाळी योगासनं करायची तेव्हा तिचे गुडघे दुखत नसत. गौरी त्यावर कोलांट्या मारायची, धपकन पडायची आणि हसायची. ते त्याचं काम होतं आणि तो ते मन लावून करत होता. पण स्टँडच्या पायाखाली मात्र तो रोज थोडा थोडा दबत होता. कुणाला न सांगता, कुरकुर न करता. कुरकुर केली असती तर बरं झालं असतं.

ते पहिल्यांदा मैत्रेयीलाच दिसलं. दिसणारच.

"राजस, हे बघ ना. इथे खड्डा पडलाय."

"अगं, फोमला मेमरी असते. उठेल परत."

"वजन वरून काढलंच नाही तर उठेल कधी? स्टँड पुढे झुकतोय."

"तुला तर काय, उभा खांबही झुकलेला दिसतो. चिल."

मैत्रेयीने गौरीच्या चित्रकलेच्या डब्यातून पेन्सिल आणली आणि स्टँडची वरची कड भिंतीवर जिथे दिसत होती तिथे एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी बघितली. तिसऱ्या दिवशी बघितली. कपडे वाळत घालायला बाल्कनीत जाताना ती रोज आधी त्या रेघेकडे बघायची, मग गौरीकडे, मग पुढे जायची. पाचव्या दिवशी स्टँड आणि रेघ यांत बोटभर अंतर पडलं होतं.

"इंजिनिअर मी आहे का तू?" राजसने हसत विचारलं.

"इंजिनिअर तू आहेस. फिजिक्स शिकलेली मी आहे. आणि पोरगी दोघांची आहे. काढ तो स्टँड तिथून."

"शनिवारी काढतो. प्रॉमिस."

शनिवारी त्याच्या ऑफिसचं काहीतरी निघालं.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला राजसने व्यायाम केला. बारा किलोचे दोन्ही डंबेल स्टँडच्या वरच्या कप्प्यात, पुढच्या कडेला ठेवले. तेवढ्यात दाराची बेल वाजली. कुठलंसं पार्सल आलं होतं. तो गेला, आणि खोलीचं दार उघडं राहिलं.

गौरी आत आली. सरळ हत्तीपाशी. हत्तीचा निघणारा कान तिने केव्हाच काढून हरवला होता. आज तिला अख्खा हत्ती हवा होता. तिने दोन्ही हातांनी तुकड्याची कड पकडली आणि मागे रेलून ओढायला लागली. स्टँडचा पाय हत्तीच्या पाठीत रुतलेला. तुकडा निघेना. तिने पाय रोवले आणि आणखी जोर लावला. "ये ना रे!" ती हत्तीला म्हणाली.

स्टँड हलला. वरचा डंबेल कडेकडे सरकला.

मी हे सगळं पाहत होते. तीन हातांवरून. मला चंपाअक्काने पारखलं होतं, माझ्यात चार गाड्यांचं रबर होतं, आणि मी दाराला अडकवलेली होते. मी काहीही केलं नाही. गोष्टीत लादी उडी मारून पोराला वाचवते. खरी लादी पडून राहते.

तेवढ्यात मैत्रेयी ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली. सवयीने तिची नजर आधी रेघेवर गेली. स्टँड रेघेपासून पार पुढे कलला होता. तिने बादली सोडली. पुढचं तिने कसं केलं ते तिलाही सांगता येणार नाही. गौरीच्या फ्रॉकला मागून धरून तिने अशी ओढली की शिवण उसवली आणि दोघी भिंतीवर आपटल्या.

डंबेल पडला. हत्तीच्या पोटातून आरपार गेला आणि खालच्या फरशीला तडा गेला. तो आवाज मी विसरणार नाही. फोमने त्या वजनाला अडवायचा प्रयत्नही केला नाही, कारण त्याला ते जमणारच नव्हतं. जिथे डंबेल पडला तिथे एका श्वासापूर्वी गौरीचे दोन्ही पाय होते.

राजस धावत आला. पार्सल हातातच होतं. तडा बघितला, उसवलेला फ्रॉक बघितला. "मी शनिवारी काढणारच…"

"शनिवार काल होता," मैत्रेयी म्हणाली.

एवढंच. पण मित्रांनो, मी जन्मात ऐकलेल्यांपैकी सगळ्यात मोठा आवाज तोच. बोम्मसंद्र्याच्या दाबयंत्रापेक्षा मोठा. गौरी हत्तीसाठी रडत होती. तिला आपले पाय वाचले ते ठाऊक नव्हतं, हत्ती फाटला एवढंच ठाऊक होतं. आणि फाटलेल्या फोमकडे बघताना माझा त्याच्यावरचा राग गळून पडला. त्या बिचाऱ्याने माझी जागा घेतली नव्हती. त्याला माझ्या जागी ढकललं होतं.

त्याच दुपारी मैत्रेयीने हत्तीचा फाटका तुकडा पिशवीत घातला, मला दाराखालून ओढून काढलं, गौरीला कडेवर घेतलं आणि मल्लेश्वरम गाठलं. राजस मागोमाग. रविवार असूनही विठोजीचं दुकान उघडं होतं.

तिने हत्ती काउंटरवर आपटला. तो मऊ, त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मग तिने मला आपटलं. माझा झाला.

"तुम्हीच म्हणालात ना, गट्टी बघून घ्या? बघितली! आज माझी पोरगी थोडक्यात वाचली, काका! बारा किलोचं वजन पडलं, यातून आरपार गेलं, फरशी फुटली!"

विठोजीने तुकडा हातात घेतला. भोकातून त्याची बोटं पलीकडे निघाली. "शिव शिव. पोर बरी हाय न्हवं? पण अक्का, गट्टी बघून हे घेतलं? ह्यात कुठं हाय गट्टी?"

"हिची आहे ना! दिवसभर त्या हत्तीला मिठी मारून असते!"

"पोरीची? पोरीचा काय संबंध?"

"गट्टी पोरीचीच असणार ना! तुमची-माझी असणार का?"

विठोजीने मला उचललं आणि बोटांच्या पेरांनी ठकठक वाजवलं. "गट्टी म्हंजे हे, अक्का. हे! वजन पडलं तरी दबत न्हाई ते. टणक. तुमी काय म्हणता गट्टीला?"

मैत्रेयी स्टुलावर बसली. "मैत्री," ती म्हणाली. "आमच्याकडे गट्टी म्हणजे मैत्री."

"म्हंजे तुमी लेकराला विचारून फरशी घेतली?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून!"

विठोजी माझ्याकडे बघत पुटपुटला, "ते कानडी व्हय? मला आजवर मराठीच वाटत हुतं. आमच्या घरात समदे तेच म्हणतात. माझी आजी म्हणायची."

"तुम्ही मराठीत बोललात, म्हणून मी अर्थ विचारला नाही."

"आन तुमी मराठी, म्हणून मी सांगितला न्हाई."

राजसला एरवी अशा वेळी विनोद सुचतो. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "काका, तुमची दोघांची चूक शब्दाची झाली. माझी तशी नाही. मला दिसत होतं."

तेव्हा कुठे विठोजीने काउंटरखालून वजन काढलं. एकदा फोमवर टाकलं, एकदा माझ्यावर. जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फोम दबला आणि खालचं लाकूड कण्हलं. मी त्याच लाकडावर होते, ते गप्प राहिलं. मैत्रेयीने माझ्यावरून तळहात फिरवला आणि मला उलटून खालचं लाकूड बघितलं. चंपाअक्कासारखं. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आता जिमच्या खोलीत अंगठ्याएवढ्या जाड रबराच्या लाद्या आहेत. त्या आधी धुतल्या, वाळवल्या, आणि आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवल्या, कारण वास येतो हे गौरीचं म्हणणं खरंच होतं. स्टँड घरमालकाला विचारून भिंतीला जखडला आहे. राजसने तो स्वतः जखडला, आणि दोनदा हलवून बघितला. फोम हॉलमध्ये गौरीच्या पुस्तकांशेजारी गेला आहे. तिथे तो आणि त्याचा ठिगळ लावलेला हत्ती सुखात आहेत, आणि मला त्याचा आनंद आहे.

मी मात्र नव्या लाद्यांत बसले नाही. मी करंगळीच्या जाडीची, त्या अंगठ्याच्या. मैत्रेयीने मला खोलीच्या दारात, उंबऱ्यासारखं बाहेरच्या बाजूला चिकटवलं. "गौरी, ही गट्टी. गट्टीच्या पुढे जायचं नाही. कध्धीच नाही. आई-बाबा सोबत असले तरी विचारल्याशिवाय नाही."

फरशीचा तडा नव्या लाद्यांखाली झाकला गेला आहे. झाकला म्हणून भरून आलेला नाही. मला इथून त्याची जागा बरोबर माहीत आहे. म्हणूनच माझा राग जात नाही, आणि तो मी जाऊ देणार नाही. मित्रांनो, वस्तू नीट वापरा, पुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला पुसलं नाही तरी मी टिकेन. मी एवढंच मागते की जिथे कुणाच्या पायांचा प्रश्न आहे तिथे अंगठ्याने दाबून निर्णय घेऊ नका. दिसलेलं शनिवारवर टाकू नका. आणि शब्द ओळखीचा वाटला तरी, समोरचा माणूस आपल्याच भाषेचा असला तरी, एकदा तोंड उघडून विचारा, "म्हणजे काय हो?" विचारल्याने कुणाचं काही मोडत नाही. न विचारल्याने काय मोडतं ते मी पाहिलं आहे.

रोज सकाळी आत बाबाची वजनं वाजू लागली की गौरी धावत येते आणि माझ्या कडेवर थांबते. पायाची दहाही बोटं माझ्यावर, एकही पुढे नाही. मान लांब करून आत बघते. मग खाली वाकून, कधीकाळी मला दाखवलेली तीच करंगळी माझ्या निळ्या ठिपक्यावर टेकवते आणि म्हणते, "गट्टी."

आईची मैत्रीवाली की चंपाअक्काची टणक, हे तिला एकदा विचारायला हवं.